नागपूर ते गया : सातशे तीस किलोमीटरची गोष्ट

नागपुरात विधान भवनाजवळ एक दगडी खांब उभा आहे. त्याच्या बाजूला दगडाचे चार घोडे आहेत. इंग्रजांच्या काळात उभारलेला हा शून्य मैलाचा दगड. जबलपूर, चांदा, रायपूर, हैदराबाद अशा गावांची अंतरे इथून मोजली गेली. आपल्या लोकांना मात्र या शहरातून आणखी एका गावाचे अंतर माहीत असावे असे वाटते, आणि ते या दगडावर नाही. ते गाव म्हणजे गया. तिथून पुढे बोधगया.

नकाशावर नागपूरच्या विमानतळापासून गयेच्या विमानतळापर्यंत दोरी ताणली तर अंतर भरते सुमारे ७३० किलोमीटर. नागपूरहून मुंबईला जितके अंतर आकाशातून आहे, त्याच्या आसपासच हे आहे. साध्या जेट विमानाला एवढे अंतर कापायला तास-सव्वा तास लागतो. उडण्यापूर्वीचे आणि उतरल्यानंतरचे जमिनीवर धावणे धरले तर वेळापत्रकात एक तास पंचवीस मिनिटे लिहिली जातील. विमानाच्या वेळापत्रकातली वेळ अशीच मोजतात. विमान आपल्या जागेवरून हलले की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या गावी जागेवर उभे राहिले की बंद.

म्हणजे ज्या मातीवर बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली, तिथून ज्या पिंपळाखाली सिद्धार्थ गौतमाला बोधी प्राप्त झाली तिथपर्यंतचे अंतर दीड तासाचेही नाही. 

पण वाचक बंधुभगिनींनो, हा दीड तास कागदावरचा आहे. आम्ही २०१९ च्या नोव्हेंबरात बोधगयेला गेलो तेव्हा नागपूर-गया असे सरळ विमान कोणत्याच वेळापत्रकात नव्हते. त्या प्रवासाचा सगळा हिशेब आज आपल्यापुढे मांडत आहोत, कारण आपल्या अनेक घरांत अशी एक म्हातारी किंवा म्हातारा आहे, ज्यांना एकदा बोधगया पाहायची आहे आणि ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत.

आमच्या घरात ती म्हणजे आमची आई. १९५६ साली ती सात वर्षांची होती आणि वडिलांच्या खांद्यावर बसून तिने दीक्षा सोहळ्याची गर्दी पाहिली होती. तिला बाबासाहेब दिसले नाहीत, फक्त पांढरे कपडे दिसले, असे ती खरे तेच सांगते. तेव्हापासून बोधगयेला जायचे तिच्या मनात होते. आधी मुले लहान होती, मग मुलांची शिक्षणे, मग लग्ने. सगळे पार पडले तेव्हा तिचे गुडघे गेले. आगगाडीत रात्रभर बसणे, वरच्या फलाटावरून खालच्या फलाटावर जिने चढणे-उतरणे तिला जमणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणून आम्ही दोघे भाऊ, वहिनी आणि आई असे चौघे विमानाने निघालो. आमचे मामा, मामी आणि वस्तीतली आठ जणे नेहमीप्रमाणे आगगाडीने गेली.

आगगाडीची वाट आधी सांगतो, कारण आपली वाट तीच आहे. बंगळूरहून पाटण्याला जाणारी संघमित्रा एक्सप्रेस नागपूरवरून जाते. गाडीला नाव अशोकाच्या मुलीचे आहे. ती इटारसी, जबलपूर, अलाहाबादच्या बाजूने मुगलसरायला पोहोचते. या स्टेशनचे नाव २०१८ साली बदलून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले, पण हमाल अजून मुगलसरायच म्हणतात. तिथे उतरायचे आणि गयेकडे जाणारी दुसरी गाडी पकडायची. मुगलसराय ते गया २०५ किलोमीटर. रेल्वेने नागपूर ते गया हे सगळे अंतर साधारण साडेबाराशे किलोमीटर होते. आकाशातल्या ७३० किलोमीटरच्या जवळजवळ पावणेदोन पट. कारण रूळ डोंगर-नद्या पाहून टाकलेले आहेत. गाडी आधी सातपुडा ओलांडून वायव्येला इटारसीपर्यंत जाते आणि मग पूर्वेला वळते.

मामांनी सकाळी सहाला घर सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते बोधगयेत होते. अठ्ठावीस तास. त्यातले तीन तास मुगलसरायच्या फलाटावर चादर अंथरून गेले.

आता विमानाचे. आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक दिल्लीवरून, एक कोलकात्यावरून. नागपूर-दिल्ली आकाशातून सुमारे ८५० किलोमीटर आणि दिल्ली-गया सुमारे ८९०. बेरीज १७४० च्या घरात. नागपूर-कोलकाता सुमारे ९८५ आणि कोलकाता-गया सुमारे ४२५. बेरीज १४१०. म्हणजे जवळची वाट धरली तरी सरळ अंतराच्या जवळजवळ दुप्पट. गंमत अशी की कोलकाता गयेच्या कितीतरी पूर्वेला आहे. आधी गयेच्या पुढे निघून जायचे आणि मग उलटे मागे यायचे. आईला हे समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "वरतं बी गाडी बदलावी लागते का रे बाबू? मंग मुगलसराय काय वाईट होतं?"

पहाटे चारला आम्ही उत्तर नागपुरातले घर सोडले. पावणेपाचला विमानतळावर. २००५ साली या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव दिले गेले. दारावरची पाटी आईने थांबून वाचली. तिला अक्षरओळख साक्षरता वर्गात झाली, त्यामुळे वाचायला वेळ लागला. मागचे लोक थांबले होते, तरी तिने शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. मग आत गेली.

विमान सुटले पावणेसातच्या सुमारास. कोलकात्याला साडेआठला उतरलो. खाली आधी छत्तीसगडची भातखाचरे दिसली. कापणीचे दिवस असल्याने सगळे पिवळे होते. पुढे ओडिशा-झारखंडच्या सीमेवरची जंगले. कोलकात्याला चार तासांहून जास्त थांबावे लागले. चहाचा भाव ऐकून वहिनीने घरून आणलेला दशम्यांचा डबा उघडला आणि आम्ही खुर्च्यांवर बसून खाल्ले. कोणी काही बोलले नाही. दुपारी पाऊण वाजता दुसरे विमान सुटले. ते वायव्येला निघाले. दामोदरचे खोरे, कोळशाच्या खाणी, पारसनाथचा डोंगर या भागावरून ही वाट जाते. दोन वाजून पाच मिनिटांनी गया. बॅगा घेऊन, रिक्षा करून बोधगयेच्या मुक्कामी पोहोचलो तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटे होती.

हिशेब करा. घरापासून मुक्कामापर्यंत दहा तास पन्नास मिनिटे. त्यात विमानात बसलेला वेळ फक्त तीन तासांच्या थोडा वर. उरलेले पावणेआठ तास रिक्षात, रांगेत आणि खुर्चीवर गेले. सरळ विमान असते तर हाच प्रवास पाच तासांत संपला असता. सकाळी चारला निघालेली आई नऊच्या आत बोधगयेत असती.

पैशाचेही सांगितले पाहिजे. एका माणसाचे जाण्याचे विमान तिकीट आठ हजारांच्या वर गेले. मामांचे शयनयानाचे तिकीट त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होते. आईच्या तिकिटासाठी बचत गटातली तिची स्वतःची रक्कम होती. ती तिने मोडली. "सोनं मोडलं नाही, पैसाच मोडला," असे ती म्हणाली. आम्हा तिघांचे पैसे आम्ही दोन वर्षे साठवले होते.

आता खरा प्रश्न. हे सरळ विमान का नाही?

गयेच्या विमानतळावर उतरल्यावर हा प्रश्न जास्तच टोचतो. विमानतळ छोटा आहे, पण आंतरराष्ट्रीय आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत थायलंड, म्यानमार, श्रीलंका, भूतान अशा देशांतून थेट विमाने इथे येत आली आहेत. बँकॉक ते गया सुमारे २०६० किलोमीटर. कोलंबो ते गया सुमारे २०२० किलोमीटर. तिथले उपासक सकाळी आपल्या घरी न्याहारी करून निघतात आणि मधे कुठेही न उतरता बोधगयेला येतात. ते आले याचा आपल्याला आनंदच आहे. ते आपलेच धम्मबांधव आहेत. आम्ही उतरलो तेव्हा पांढऱ्या कपड्यातल्या थाई आजीबाईंचा एक जथा बाहेर पडत होता. आमच्या आईने त्यांना हात जोडले, त्यांनी तिला जोडले. भाषा कोणालाच कोणाची कळत नव्हती, तरी आईने त्यांतल्या एकीचा हात बराच वेळ सोडला नाही. पण दोन हजार किलोमीटरवरून त्या थेट आल्या आणि सातशे तीस किलोमीटरवरून आम्ही फेरा घालून आलो, हे खरे.

यामागे कोणाचा कट आहे असे आम्ही म्हणत नाही. विमान कंपनीचा हिशेब साधा असतो. एका मध्यम जेट विमानात १८० च्या आसपास जागा असतात. त्या रोज भरतील का, एवढेच ती पाहते. जिथे भरण्याची खात्री नाही तिथले प्रवासी ती आधी एका मोठ्या शहरात गोळा करते आणि तिथून गावोगाव वाटते. दिल्ली, मुंबई, कोलकाता ही अशी मोठी शहरे. थायलंडचे उपासक संघ करून, एका तारखेला, एका तिकिटावर येतात, म्हणून त्यांचे विमान भरते. आपले लोक संख्येने कमी नाहीत. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंनी लोटतात. पण बोधगयेला आपण पाच-पाच, दहा-दहा जण वेगवेगळ्या दिवशी, शयनयानाचे तिकीट काढून जातो. विमान कंपनीच्या वहीत आपली नोंदच होत नाही. ती माणसे मोजत नाही, विमानाची तिकिटे मोजते.

२०१६ साली केंद्र सरकारने उडान योजना आखली आणि २०१७ पासून तिची विमाने सुरू झाली. छोटी गावे विमानाने जोडावीत, आणि साधारण तासाभराच्या, पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला काही जागांचे भाडे अडीच हजारांपर्यंत राहावे, हा तिचा सुरुवातीचा हेतू. म्हणजे दोन छोट्या विमानतळांना सरळ जोडता येते, त्यासाठी सरकार तोटा भरून देऊ शकते, हे तत्त्व मान्य झालेले आहे. मागणी कोण करतो आणि किती जोराने, एवढाच प्रश्न उरतो.

नागपूरला तर ही गोष्ट नवीन वाटायला नको. १९४९ साली देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारी दिशांकडून डाकोटा विमाने टपालाच्या थैल्या घेऊन निघत आणि मध्यरात्री नागपुरात भेटत. इथे थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत विमाने आपापल्या गावी परत जात. मद्रासचे पत्र दिल्लीला जायचे तर नागपूरला बदली. तेव्हा सगळा देश सोनेगावच्या धावपट्टीवर येऊन गाडी बदलत होता. आज नागपूरकर कोलकात्याला जाऊन बदलतात. शहर देशाच्या मधोमध होते तिथेच आहे. वाटा कोणी कशा आखल्या, यावर अंतर ठरते.

तसे पाहिले तर या दोन गावांमधली वाट पहिल्यापासून फेऱ्याचीच आहे. दीक्षाभूमीवर जो बोधीवृक्ष आहे, त्याची रोपे भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपुरहून आणली. अनुराधपुरचा वृक्ष बोधगयेच्या मूळ वृक्षाच्या फांदीपासून वाढलेला, आणि ती फांदी नेली संघमित्रेने. गयेची फांदी आधी समुद्रापार लंकेला गेली आणि दोन हजारांहून अधिक वर्षांनी नागपूरला आली. १९९२ पासून भदंत सुरेई ससाई यांच्या नेतृत्वाखाली महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन बौद्धांकडे यावे म्हणून आंदोलन झाले, तेव्हा आपली माणसे याच मुगलसरायच्या वाटेने गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत बोधगयेत त्याच मागणीसाठी पुन्हा धरणे सुरू झाले, तेव्हाही महाराष्ट्रातून लोक तिथे पोहोचले. सरळ वाट नाही म्हणून आपले कोणी घरी बसले नाही.

बोधगयेबद्दल थोडेच लिहितो, कारण ते पाहायचे असते. संध्याकाळी महाविहारात गेलो. सुमारे १८० फूट उंचीचे शिखर दिव्यांत उजळले होते. २००२ साली हे स्थळ जागतिक वारसा यादीत गेले. आईला चाकाच्या खुर्चीतून नेले. बोधीवृक्षाच्या कठड्याजवळ ती म्हणाली, मला उतरवा. आम्ही धरून उतरवली. ती जमिनीवर बसली. त्रिसरण म्हणाली, पंचशील म्हणाली. मग बराच वेळ काही म्हणाली नाही. मामी शेजारी बसली होती. अठ्ठावीस तासांच्या प्रवासाने तिचे पाय सुजले होते आणि ती आईचे गुडघे चोळत होती. परत निघताना आई एवढेच म्हणाली, "माह्या बापाले दाखवाले पाह्यजे होतं."

तिच्या बापाच्या काळात नागपूर ते गया हे अंतर किती होते? मोजपट्टीने तेवढेच, ७३०. पण गिरणीतल्या मजुराला ते कधीच कापता आले नाही. त्याच्या मुलीला सत्तराव्या वर्षी, साठवलेला पैसा मोडून, फेरा घालून कापता आले. नातवंडांना ते सरळ कापता यावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

दोन विमाने बदलायची असतील तर दोन्हींचे तिकीट एकत्रच काढावे. मग पहिले विमान उशिरा पोहोचले तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची राहते. वेगवेगळी तिकिटे काढली तर दुसरे विमान चुकल्याचा भुर्दंड आपल्या माथी येतो.

म्हाताऱ्या माणसासाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी. लाजू नये. ती मदत म्हणून दिली जाते आणि मदतनीसही सोबत येतो.

प्रत्येकाजवळ फोटो असलेले ओळखपत्र हवे. पूजेसाठी मेणबत्त्या नेता येतात, पण आगपेटी आणि लायटर विमानात चालत नाही. आगपेटी बोधगयेत विकत घ्यावी. महाविहारात मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तो बाहेर ठेवावा लागतो.

डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर तिकडे दाट धुके असते. तेव्हा गाड्याही उशिरा धावतात आणि विमानेही. ऑक्टोबरअखेर, नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बरा. परतीच्या विमानाला थोडा जास्त वेळ लागला तर घाबरू नये. थंडीत वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. पूर्वेला जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. दहा-पंधरा मिनिटांचा फरक त्यानेच पडतो.

आणि शेवटची गोष्ट आपल्या बुद्धविहारांच्या समित्यांना. एका विमानात १८० जागा. एका विहाराकडून बोधगयेला जायची इच्छा असलेली दहा म्हातारी माणसे निघाली, तरी अठरा विहारांत एक विमान भरते. नागपूर, भंडारा, वर्धा, चंद्रपूर मिळून विहार किती आहेत ते आपल्याला माहीत आहे. नावांची यादी करा, वये लिहा, कोणत्या महिन्यात जायचे ते लिहा. मागणीचा अर्ज त्या यादीसकट जाऊ द्या. रिकामा अर्ज फायलीत पडतो. १८० नावांच्या यादीकडे विमान कंपनीलाही पाहावे लागते, कारण तिला तेवढेच मोजता येते.